जावयाचा मासा

लाउडस्पीकरवरून मासा पुकारलेला मी आयुष्यात एकदाच ऐकला, आणि तेवढा पुरे झाला. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दिवस होता. जळगावात माझ्या बहिणीच्या सासरच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत होती. दारात मांडव, मांडवात माइक, आणि माइकपाशी त्यांच्या भावकीतले एक गृहस्थ. कोणत्या गावाहून, कोणाकडून, काय आहेर आला ते हे गृहस्थ खणखणीत आवाजात जाहीर करत होते. टॉवेल-टोपी झाली, समई झाली, भिंतीवरची दोन घड्याळं झाली. मग ते जरा अडखळले, हातातली प्लास्टिकची पिशवी उजेडात धरून आत डोकावले आणि म्हणाले, "दोंडाईच्याच्या मामांकडून एक जोडी मासे. जिवंत." टाळ्या पडल्या. पिशवीत नक्की कोणते मासे आहेत ते मला दहा हातांवरून दिसलं होतं, म्हणून मी टाळ्या वाजवल्या नाहीत.

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा धुळ्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेत असे. देवपुरात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या आणि त्यांतल्या एकीत तीन फुटांची माशांची टाकी होती. लग्न केलेलं नव्हतं, पुढेही केलं नाही. हे एवढ्यासाठी सांगते, की बहिणीच्या सासरी माझी ओळख तीच होती. धुळ्याची, बिनलग्नाची, माशांची बाई. मी मात्र त्यांना केळी आणि कापूस सोडून जगात काही कळत नाही असं मानत होते, आणि ते लपवत नव्हते. शिकलेल्या माणसाचा एक माज असतो. माझा जरा जास्तच होता.

बहीण माझ्याहून सहा वर्षांनी लहान. लग्न ठरवताना तिचे अठ्ठावीस गुण जुळले होते. ते जुळवणाऱ्या लोकांनी पुढे तिला कधी एका जागी बसू दिलं नाही. त्या घरात बाईनं नुसतं बसायचं नसे. तांदूळ निवडायला बसायचं, शेंगा फोडायला बसायचं, पाहुण्या बायकांपुढे बसायचं. हात रिकामा दिसला की सासूबाई नाहीतर थोरली जाऊ त्यात काहीतरी आणून ठेवी. वर्षा-दोन वर्षांतून एकदा बहीण माझ्याकडे धुळ्याला येई तेव्हा पहिलं काम म्हणजे टाकीपुढे मोढा ओढून बसणं. तासभर बसे. मी चहा करून तिच्या हातात दिला तरी तो गार होई. बोलत नसे, विचारत नसे, मासे कोणते तेही तिला नीट माहीत नव्हतं. मला आधी वाटे, हिला माशांची आवड आहे. नंतर लक्षात आलं की तिला बसण्याची आवड होती.

जळगावात बंगला बांधायला काढला तेव्हा रंग सासऱ्यांनी निवडला, फरशी दिरांनी, सोफा नवऱ्यानं. बहिणीनं काही मागितलं नव्हतं. मग एकदा जेवताना तिनं सासऱ्यांजवळ, म्हणजे आबांजवळ, पुढच्या दालनातला पूर्वेकडचा कोपरा माशांच्या टाकीसाठी मागितला. तोच कोपरा थोरल्या जावेला कपबश्यांच्या शोकेससाठी हवा होता. त्या कपबश्यांतून त्या घरात कोणी कधी चहा प्यालं नाही. आबांनी दिवाळीपर्यंतची मुदत घालून न्याय दिल्यासारखा निकाल दिला, "मासा दिवाळीलोंग जगनात ते ती जागा तुनी. नही ते शोकेस."

बहिणीनं मला धुळ्याला येऊन हे सांगितलं. मी विचारलं, एवढा हट्ट कशाला? ती टाकीकडे बघतच म्हणाली, "अक्का, टाकीफुडे बसनू ते कोनी काही म्हनाव नही." माशांना खायला घालणं, त्यांच्यावर नजर ठेवणं, हे त्या घरात काम म्हणून खपलं असतं. रोज अर्धा तास, तिच्या हक्काचा. एवढंच मागणं होतं. आणि तिनं आबांना शब्द दिला होता की टाकी माझी अक्का लावून देईल, एकही मासा मरणार नाही.

मग मी कामाला लागले. टाकी दोन फुटांची, जळगावच्याच काचवाल्याकडून करून घेतली. आखाजीच्या तीन आठवडे आधी जाऊन वाळू धुतली, पाणी भरलं, हवेचा पंप लावला, दोन वनस्पती रोवल्या आणि बजावलं की आठ-दहा दिवस एकही मासा सोडायचा नाही. नव्या टाकीतलं पाणी कच्चं असतं. माशांची घाण पचवणारे जंतू वाळूत वाढायला वेळ लागतो, तोवर तीच घाण माशांना विष होते. हे सगळं त्यांना समजावण्यापेक्षा मी सरळ म्हटलं, पाणी मुरू द्या. थोरली जाऊ पदर तोंडाला लावून म्हणाली, "पानी मुराले ते काय लोनचं शे का?" सगळं घर हसलं. पुढचे आठ दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला "आमनं पानी मुरी ऱ्हायनं" असं सांगण्यात त्यांनी घालवले. वास्तविक माझा शब्द अगदी बरोबर होता, आणि लोणचं कधी मुरलं ते ओळखणाऱ्या बाईला तो कळायला हरकत नव्हती.

मासे कोणते घ्यायचे, याचा मी कागद करून दिला. लग्नात छत्तीस गुण पाहतात. माशांचे तीनच पाहावे लागतात: पाणी, तोंड आणि स्वभाव. त्या बंगल्याचं बोअरचं पाणी जड, साबणाला फेस यायचा नाही. अशा पाण्यात मॉली आणि प्लॅटी सुखानं राहतात, मऊ पाण्यातले मासे झुरतात. तोंडाचा नियम आणखी सोपा. ज्या माशाच्या तोंडात दुसरा मासा मावतो तो मासा आज ना उद्या तो खातोच, त्यात त्याचा दोष नसतो. राहिला स्वभाव. शेपट्या कुरतडणारे लांब शेपटीवाल्यांत सोडायचे नाहीत, जागेसाठी भांडणारे छोट्या टाकीत ठेवायचे नाहीत, आणि नराला एक मादी दिली तर तो तिचा जीव खातो म्हणून दोन-तीन माद्या द्यायच्या. पहिल्यांदा चार प्लॅटी: एक नर, तीन माद्या. आखाजीनंतर तीन आठवड्यांनी तीन काळ्या मॉली. पाऊस लागून हवा उतरली की सावकाश पोहणारी गोरामीची जोडी. नऊ मासे, बस्स. दोन फुटी टाकीत दहावा नाही. बहिणीनं तो कागद कपाटात साड्यांखाली ठेवला.

आखाजीच्या आठ दिवस आधी मी चार प्लॅटी पिशवीत घालून एसटीनं मांडीवर धरून नेल्या. पारोळ्यापासून एरंडोलपर्यंत शेजारची बाई मला त्यांची भाजी कशी करायची ते विचारत होती. घरी पोचल्यावर पिशवी टाकीत तरंगत ठेवली, पाव तास गेल्यावर थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत सोडलं आणि मग मासे सोडले. बहीण शेजारी मोढ्यावर बसली होती. सासूबाई येऊन बघून गेल्या आणि काही म्हणाल्या नाहीत. बहिणीनं माझ्याकडे बघितलं. ते मला अजून चांगलं आठवतं, कारण त्या घरात तिला असं निवांत बसलेलं मी त्याआधी बघितलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

आता आहेराकडे येते. निमंत्रणपत्रिकेत "कृपया आहेर आणू नये" असं छापलं होतं. आमच्या खानदेशात ही ओळ छापायची पद्धत आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करण्याचीही. बंगल्यात माशांची टाकी बसवली आहे ही बातमी आठ दिवसांत बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या, भावकीत पोचली, आणि समई-घड्याळापेक्षा वेगळं काही द्यावं असं एकाच्या डोक्यात आलं ते पाच जणांच्या आलं. जळगावात तेव्हा मासे विकणारं एकच दुकान मला ठाऊक होतं. लव्हबर्ड आणि पिंजरे विकणारा माणूस कोपऱ्यात मासेही ठेवी. कोणता मासा कोणाबरोबर चालतो असं विचारलं की तो म्हणे, "सगळे चालतात." हे "चालतं" आपल्याकडे नको तिथे इतक्या वेळा ऐकलं आहे की कोणी ते म्हटलं की मी पुढचं ऐकणं सोडते.

तर दोंडाईच्याच्या मामांनी आणली ती जोडी फायटरची. एक लाल, एक निळा, दोन्ही नर. मामांना सांगण्यात आलं होतं की लाल नवरा आणि निळी बायको. आहेर एकटा द्यायचा नसतो म्हणून जोडी. अमळनेरच्या काकांनी दोन गोल्डफिश, ज्यांना थंड पाणी लागतं आणि जे दिवसभर घाण करतात. मे महिन्यातल्या जळगावात थंड पाणी माणसांना मिळत नव्हतं. पारोळेकरांनी पाच टायगर बार्ब, म्हणजे शेपट्या कुरतडण्याची टोळी. शिरपूरच्यांनी दोन एंजल, लांब झुपकेदार शेपट्यांचे, त्या टोळीपुढे ताट वाढून ठेवल्यासारखे. हे सगळं माइकवरून गावाच्या नावानं पुकारलं गेलं आणि ज्यानं त्यानं स्वतःच्या हातानं, फोटो काढून घेत, टाकीत ओतलं. पिशवी तरंगत ठेवण्याचं नाव नाही. वरून कोणीतरी हळदीकुंकू वाहिलं.

फायटरचं पाच मिनिटांत सुरू झालं. कल्ले फुगवून दोघे एकमेकांवर तुटून पडले. मांडवातली निम्मी माणसं आत येऊन बघायला लागली. "नवरा-बायको भांडताहेत," असं म्हणून हसून घेतलं. पंगत उठेपर्यंत निळी बायको तळाशी पडली होती.

शेवटी पहूर. पहूर म्हणजे त्या घरचे थोरले जावई, बहिणीच्या नणंदेचे यजमान. ते येईपर्यंत जेवणाची पंगत थांबवलेली होती. पांढरे कपडे, हातात पिशवी, पिशवीत बोटभर लांबीचा काळा-नारिंगी मासा. माइकवरून आवाज आला, "पहूरचे जावईबापू यांच्यातर्फे एक मासा. मोठा होणारा."

तो ऑस्कर होता. मोठा होणारा, हे त्या दिवशी माइकवरून बोललं गेलेलं एकमेव खरं वाक्य. ऑस्कर सहा महिन्यांत हाताच्या पंजाएवढा होतो, आणि तोंडात मावेल ते सगळं खाऊन होतो. मी पुढे झाले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "हा टाकीत सोडू नका. हा बाकीचे सगळे खाईल." नुसतं एवढं म्हणून थांबले असते तर बरं होतं. मी आणखी म्हटलं की मासे विकत घेताना दोन प्रश्न विचारायला फार अक्कल लागत नाही. जावयांनी पिशवीची गाठ सोडता सोडता म्हटलं, "ल्हान हाय तो. आन खाल्ला एखादा त खाल्ला. जावयाचा मासा उपाशी राहीन का?" जोराचा हशा झाला. आबा हसले नाहीत. ते मला म्हणाले, "जवाईना मासा शे तो, बाई. भायेर काढाना नही." जावयांनी पिशवी उपडी केली.

सोळा मासे, दोन फुटी टाकी, कच्चं पाणी आणि आखाजीचं ऊन. मी जेवले, हात धुतले आणि माडीवर जाऊन पडून राहिले. मला त्या घराचा, त्यांच्या नात्यांचा, त्यांच्या माइकचा, बठ्ठ्याचा तिटकारा आला होता. चार प्लॅटी मी मांडीवर सांभाळून आणल्या होत्या आणि आता त्या जावयाचा नाश्ता होणार होत्या, तेही मानानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहीण माझ्याकडे आली. हातात पितळी तांब्या होता, म्हणजे काम करता करता आली होती. म्हणाली, "अक्का, दोन दिन राही जाय ना. काही ते करू." मी विचारलं, काय करणार आहेस? ती म्हणाली, राहा तर, मग सांगते. मागच्या अंगणात पाण्याचं रिकामं पिंप आहे, त्यात वेगळे ठेवता येतील. मी म्हटलं, आणि आबा? ती पुन्हा म्हणाली, राहा.

खरं तर कॉलेजला सुटी होती. धुळ्यात माझ्यावाचून काही अडलेलं नव्हतं. तरीही मी माझ्या टाकीचं निमित्त सांगितलं आणि पिशवी भरली. त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते मी लपवणार नाही. मला वाटत होतं, होऊ दे. एकेक मासा मरू दे, पोट वर करून तरंगू दे, म्हणजे त्यांना कळेल मी काय सांगत होते ते. बहिणीला मी एवढंच म्हटलं, "त्यांना बघू दे. त्याशिवाय कळणार नाही." सात वाजताची बस गाठली. बहीण कोपऱ्यापर्यंत पोचवायला आली. तांब्या अजून हातातच होता.

त्यानंतर फोन येऊ लागले. माझ्या घरमालकांकडे फोन होता, आणि बंगल्यात तो पुढच्या दालनात होता, सगळ्यांच्या देखत. त्यामुळे बहीण माशांना मासे म्हणत नसे, गावं म्हणे. "अमळनेर गेलं," ती सांगे. "दोन्ही." पाच दिवसांनी, "शिरपूर उभं राहत नाही, शेपटीच राहिली नाही." घरमालकीणबाई शेजारी भाजी निवडत असत. त्यांना वाटलं आमच्याकडे रोगाची साथ आली आहे, आणि त्यांनी मला दोन दिवस डबा पाठवला. मी त्यांना खरं सांगितलं नाही, कारण डबा चांगला होता.

बहीण विचारी, अक्का, आता काय करू? पाणी किती बदलू? खायला किती घालू? मी उत्तरं देत होते, पण ती कशी? "मी आधीच सांगितलं होतं," हे आधी, मग उत्तर. दर वेळी. माझं एकही वाक्य त्याशिवाय सुरू होत नसे. ती दुसऱ्या टोकाला हूं म्हणे. आबा माशांना शेव घालतात, सासूबाई बुंदी घालतात, असं तिनं सांगितलं तेव्हा मी हसले. जावयाच्या माशाला वेगळी शेव, जाडी. त्याला अर्धपोटी ठेवायचं नव्हतं.

पावसाळ्यात आणखी एक शहाणपणा सुरू झाला. दोंडाईच्याचे मामा जळगावला आले की आधी टाकीशी जात आणि आपला लाल मासा शोधत. तो कधीच संपला होता. मामा रुसून जेवले नाहीत. मग आबांनी हुकूम काढला, कोणाचाही मासा मेला की त्याच रंगाचा आणून टाका, नातं तुटता कामा नये. पिंजरेवाल्याचं भलं झालं. दर आठवड्याला कोणा ना कोणा गावाचा मासा नव्यानं टाकीत पडे आणि पहूरच्या पोटात जाई. माझ्या प्लॅटी कोणत्याच गावाच्या नव्हत्या, त्यामुळे त्यांच्या जागी कोणी काही आणलं नाही. गणपतीपर्यंत सगळी गावं संपली आणि पहूर राहिलं.

पुढे फोन कमी झाले. मला वाटलं, सगळे मेले, आता सांगायला काही राहिलं नाही. शोकेस आलं असेल. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं, पण त्याआधी जरा बरं वाटलं, आणि तेच मला आज जास्त आठवतं.

दिवाळी झाल्यावर मी जळगावला गेले. दोन दिवस राहायचं म्हणून पिशवीत दोन साड्या घेतल्या होत्या. दालनात शिरले तर पूर्वेच्या कोपऱ्यात शोकेस नव्हतं, टाकीच होती. तिच्यात एकच मासा होता. पंजाएवढा, काळा, पोट सुटलेला, वळायला जागा नाही म्हणून तो तिरका उभा राहून बाहेर बघत होता. टाकीवर झेंडूची सुकलेली माळ होती. पाटीही होती, रंगवलेली: "पहूर". मासा दिवाळीपर्यंत जगला होता. आबांनी शब्द पाळला होता. कोपरा बहिणीचा होता.

फक्त तो आता बसायचा कोपरा नव्हता. एवढा मासा दोन फुटी टाकीत रोज एवढी घाण करतो की निम्मं पाणी दिवसाआड बदलावं लागतं, नाहीतर दालनात वास येतो. पाणी बहीण बदलत होती. चार बादल्या बाहेर, चार बादल्या आत. तिच्या दिवसात आधीच्या कामांवर हे एक काम वाढलं होतं. मोढा जिन्याखाली ठेवला होता आणि त्यावर जावेनं वर्तमानपत्रं रचली होती.

चहा झाला. आबा सोफ्यावर पाय वर घेऊन बसले होते. बहीण बादली घेऊन न्हाणीघराकडे गेली होती आणि आत नळाचा आवाज येत होता. मी टाकीकडे बघून, नेहमीच्या सवयीनं, काहीतरी तिरकं बोलायला तोंड उघडलं. पण आबाच आधी बोलले, अगदी सहज, राग नाही, लोभ नाही.

"तुम्ही त्या दिन सकायमाच निंघी गयात, बाई. तुमनी बहिननी माले विचारी ठेयेल व्हतं. हाऊ मासा तुमना कॉलेजले देवाना व्हता."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी नीट सांगितलं. वास्तुशांतीच्या संध्याकाळीच बहीण त्यांच्याकडे गेली होती. मासा बाहेर काढला तर जावयाचा अपमान, हे तिला ठाऊक होतं. पण धुळ्याच्या कॉलेजनं मासा मागून घेतला, मुलांना दाखवायला, तर तो अपमान नाही, मान. तिनं तसं सुचवलं आणि आबांना पटलं. आबांनी जावयांना विचारलं आणि त्यांनाही पटलं. "जवाईबी खुश व्हता. कॉलेजमा आपला मासा. आनखी काय जोयजे माणूसले?" ठरलं असं होतं की सकाळी मी सगळ्यांसमोर आबांकडे मासा मागायचा, आणि आबांनी तो द्यायचा. बाकीचे मासे दोन दिवसांत पिंपात निवडून ठेवायचे, आणि ज्याचे त्याला पावसाळ्यात परत द्यायचे. मला फक्त राहायचं होतं, आणि एकदा नम्रपणे मागायचं होतं. केळी आणि कापूस सोडून ज्यांना जगात काही कळत नाही त्या लोकांनी एका रात्रीत सगळे गुण जुळवून ठेवले होते. मी सातच्या बसनं निघून गेले.

बहिणीनं मला हे सहा महिन्यांत एका शब्दानं सांगितलं नव्हतं. इतके फोन झाले. दर फोनला मी तिला "मी आधीच सांगितलं होतं" असं म्हणत होते, आणि ती हूं म्हणत होती.

मी उठून न्हाणीघराशी गेले. ती भरलेली बादली उचलत होती. मी हात पुढे केला. म्हटलं, दे, मी नेते. आणखी म्हटलं, याला मी धुळ्याला घेऊन जाते, आबांना आत्ता विचारते, हवं तर पहूरला जाऊन विचारते, मग आपण पुन्हा नव्यानं लावू टाकी. तिनं बादली दिली नाही. तिला राग आला होता असंही नाही. पाहुणीशी बोलावं तसं ती बोलली.

"अक्का," ती म्हणाली, "तुनी बस कितीनी शे?"

पिशवीतल्या दोन साड्यांवर मी सकाळी घड्या मोडू नयेत म्हणून टॉवेल ठेवला होता.

"चारची," मी म्हटलं.